मोरस

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात फळीवर दोन डबे असायचे. एकात गूळ, दुसऱ्यात मोरस. रोजच्या चहाला गूळ. पाहुणा आला की आजी माजघरातूनच हाक द्यायची, "पोरी, पावण्यांच्या चहात मोरस घाल गं," आणि मी स्टुलावर चढून पितळी डबा खाली काढायचे. साखरेला मोरस का म्हणायचं, हा प्रश्न मला पडला नाही. रोजच्या कानावरच्या शब्दांचं असंच होतं.

मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटावरची पांढरी साखर मुंबई बंदरात उतरायची आणि तिथून गलबतांतून, पुढे आगबोटींतून कोकणातल्या बंदरांवर यायची. लोकांनी बेटाचं नाव साखरेला लावलं. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. ती हाडांनी साफ करतात म्हणून कितीतरी घरांतून ती हद्दपार झाली. नंतर आपल्याकडे कारखाने निघाले, १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला. आजीच्या म्हातारपणी डब्यात साखर होती ती नगर नाहीतर कोल्हापूरची. आजी तिला मोरसच म्हणायची.

ती गेली तरी तो शब्द माझ्या कानात राहिला. आणि मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या धक्क्यावर, दगडी पायऱ्यांसमोर उभी असताना तो एकदम वर आला.

त्या पायऱ्या सोळा आहेत. जागेचं आजचं नाव आप्रवासी घाट. पूर्वी कुली घाट म्हणत. १८४९ पासून इथे उतारूंचा तळ बांधला गेला. जहाजातून उतरलेली माणसं या पायऱ्या चढून वर येत, दोनेक दिवस तळावर राहत, त्यांची नोंद होई, आणि मग मळेवाल्यांचे लोक येऊन आपापली टोळी घेऊन जात. १८३४ पासून १९१० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त भारतीय या बेटावर आले. २००६ साली युनेस्कोने घाटाला जागतिक वारसा म्हटलं. आता तिथे गवत कापलेलं असतं, फलक असतात आणि शाळेची मुलं रांगेने येतात. मागे रस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत राहतो. मी पायऱ्या मोजल्या आणि परत मोजल्या. सोळाच. एवढ्या थोड्या पायऱ्यांवरून एवढी माणसं चढून गेली, हे मनाला पटेना.

बहुतेक जण कलकत्त्याहून आणि मद्रासहून आले: बिहारी, तमीळ, तेलुगू. मुंबईहून आलेले त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी. पण ते होते, आणि त्यांच्यात मोठा भरणा रत्नागिरीकडचा होता. माझ्या आजीच्या डब्याला ज्या साखरेचं नाव होतं ती ज्या उसाची, तो ऊस तोडणाऱ्या हातांत आमच्या मुलखातलेही हात होते. शब्द घरात, साखर घरात. माणसं कुठे गेली, ते मात्र घरात कोणी बोललं नाही.

हे सगळं सुरू झालं गुलामगिरी संपली म्हणून. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामी रद्द केली. कायद्याने नुकसानभरपाई ठरवली, दोन कोटी पौंड. ती मिळाली मालकांना. ज्यांच्या पिढ्या राबल्या त्यांना एक पैसा नाही, उलट आणखी काही वर्षं 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे राबण्याची सक्ती. मॉरिशसमध्ये ती उमेदवारी १८३९ मध्ये संपली आणि मोकळे झालेले आफ्रिकी लोक मळ्यांकडे पाठ फिरवून निघून गेले. त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? मळेवाल्यांना मात्र हात हवे होते, आणि हात स्वस्त हवे होते. त्यांनी आधीच हिंदुस्थानकडे पाहायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. ते छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासी. मॉरिशसमध्ये ही तारीख आज सार्वजनिक सुट्टी आहे. निघण्याआधी कलकत्त्यात दंडाधिकाऱ्यासमोर त्यांना करार वाचून दाखवण्यात आला आणि त्यांनी त्यावर फुल्या मारल्या.

या फुलीपाशी मी फार दिवस अडकले आहे.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत कुणब्याची सही नसते. त्याला लिहिता येत नसे. पण त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'निशाणी नांगर', आणि नांगराची छोटीशी आकृती. तो निरक्षर होता, तरी खूण त्याची होती. तो कोण आहे, काय करतो, हे ती आकृती सांगे. गावचे चार लोक तिथे बसलेले असत, कागदात काय आहे ते त्यांना ठाऊक असे. कलकत्त्यातल्या त्या फुलीत यातलं काहीच नाही. फुली कोणाचीही असते. ३६ जणांनी ३६ फुल्या मारल्या, कागद पुरा झाला आणि सरकारच्या दृष्टीने ते राजीखुशीने निघाले.

कागदाला इंग्रजीत म्हणत ॲग्रिमेंट. भोजपुरी तोंडात त्याचं झालं गिरमिट. फिजी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये गेलेले स्वतःला गिरमिटिया म्हणवून घेऊ लागले. मराठी कानाला गिरमिट म्हणजे सुताराचं हत्यार, लाकडाला भोक पाडायचं. दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी गिरमिट म्हटलं की मला आधी ते फिरत फिरत आत जाणारं पातं दिसतं.

कागदावर लिहिलेलं वाईट नव्हतं. हीच खरी मेख. पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तूप, अंगावर कपडा, राहायला जागा. जो दिवसभर राबून नाचणीची पेज पितो त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? पण कागदाच्या अलीकडे पलीकडे पुष्कळ होतं, आणि ते त्याला कोणी सांगितलं नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. याला दुहेरी कपात म्हणत. आजारी पडलेला माणूस महिन्याच्या शेवटी मालकाचंच देणं लागायचा. रविवारी सुट्टी, पण सकाळी गुरांचं वैरणपाणी करायला जायचंच. आणि मुख्य म्हणजे काम सोडणं हा गुन्हा होता. दोन माणसांत करार झाला आणि एकाने तो मोडला, तर दुसऱ्याने दिवाणी कोर्टात जावं, ही जगाची रीत. इथे मजुराने करार मोडला की तुरुंग, दगड फोडण्याची शिक्षा. मालकाने पगार महिनोन्‌महिने थकवला तर तक्रार करायची, आणि तक्रारीला जायचं तर मळा सोडून जायचं, म्हणजे पुन्हा गैरहजेरी, पुन्हा कपात.

हे सगळं नकळत झालं असं म्हणायची सोय नाही. जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. ब्रिटिश गयानात आणि जमैकात त्याचे मळे होते. अडीच हजारांहून जास्त गुलामांबद्दल त्याला लाखभर पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. जानेवारी १८३६ मध्ये त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, अर्बथनॉट कंपनीला पत्र लिहून मजुरांची चौकशी केली. जूनमध्ये उत्तर आलं. आम्ही मॉरिशसला सात-आठशे माणसं पाठवली आहेत, तुम्हालाही पाठवायला अडचण दिसत नाही, कारण आपण कुठे जायला कबूल झालो आणि प्रवास किती लांबचा आहे, याची या लोकांना काहीच कल्पना नसते. त्याच पत्रात या डोंगरातल्या माणसांबद्दल लिहिलं आहे की त्यांना माणसापेक्षा माकडाच्या जवळचे समजतात, आणि खाणं, पिणं, झोपणं यापलीकडे त्यांच्या गरजा नाहीत.

मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. राग येतोच, पण त्याहून काहीतरी निराळं वाटलं. माणसाला माहीत नसणं ही अडचण असायला हवी होती. इथे ती सोय होती. व्यापारी व्यापाऱ्याला खात्री देतो आहे की माल चांगला आहे, कारण त्याला काही माहीत नाही. आणि त्याच न कळणाऱ्या माणसाची फुली कागदावर घेऊन त्याला 'संमती' म्हणायचं.

आरडाओरडा झाला. कलकत्त्यात चौकशी समिती बसली, १८३९ मध्ये मजूर पाठवणं थांबवण्यात आलं. १८४० मध्ये वसाहत मंत्री लॉर्ड जॉन रसेलने लिहिलं की यातून गुलामगिरीची नवी पद्धत उभी राहील, ती जबाबदारी घ्यायला मी तयार नाही. मळेवाल्यांचा दबाव वाढला आणि दोन वर्षांतच, १८४२ मध्ये, मॉरिशससाठी दार पुन्हा उघडलं. या वेळी कलकत्ता आणि मद्रासच्या जोडीला मुंबई बंदरही होतं.

म्हणजे आता आमची पाळी.

रत्नागिरीच्या त्या वेळच्या शेतकऱ्याची कल्पना करायला मला पुस्तकांची गरज पडत नाही. आमच्या गुहागराकडच्या वाडीत खोताचं घर अजून उभं आहे, कौलं उतरलेली, पण चौथरा तसाच उंच. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वतनदार सारा गोळा करणारा. कुळाने भात पिकवावं आणि अर्धं खोताला घालावं, ते अर्धेल. डोंगरउतारावर वरी-नाचणी पिकवली तर तिसरा हिस्सा, ते तिर्धेल. वर वेठ. खोताची लावणी आधी, आपली मागून. खोताच्या पालखीला खांदा, खोताच्या छपराला पेंढा. आणि पावसाळ्याच्या तोंडी घरात दाणा नसला की खोताकडूनच दाणे उचलायचे आणि सुगीला ते वाढवून फेडायचे. आमच्याकडे आषाढाबद्दल एकच शब्द होता, 'खडतर'. आजी म्हणायची, आषाढात भांडी वाजत नाहीत. लहानपणी याचा अर्थ कळला नव्हता.

या देण्याला कागद नव्हता. ते बापाकडून मुलाकडे येई. खोत कोणाला तुरुंगात घालत नसे, त्याची गरज नव्हती. म्हणून मला वाटतं, मुंबईहून जहाजात बसलेल्या माणसाची फसवणूक झाली एवढं म्हणून भागत नाही. फसवणूक झालीच. पण ज्याच्या मागे खोताची वेठ आहे आणि पुढे पाच रुपये आहेत, त्याला बंदर कुठलं हे सगळं खरं सांगितलं असतं तरी तो कदाचित निघाला असता. गरिबीने त्याचा 'हो' आधीच वसूल केला होता. दलालाने फक्त तो कागदावर उतरवला. खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. इतकी घट्ट होती ती.

मुंबईहून जाणारा हा ओघ पुढे आटला, त्याचं कारण कोणाची दया नव्हे. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या, रेल्वेची कामं निघाली, गोदीत माणूस लागू लागला. कोकणी माणसाला समुद्र ओलांडायची गरज उरली नाही, त्याला बंदरावर उतरून परळपर्यंत चालत जायचं होतं. काही वर्षं आधी त्याच बंदरावर उतरलेला त्याचा चुलता मात्र दुसऱ्या जहाजात चढला होता. एवढाच फरक, आणि आज एकाच्या नातवंडांची मातृभाषा मराठी आहे, दुसऱ्याच्या नातवंडांची क्रिओल.

मॉरिशसमध्ये करार संपला म्हणून सुटका होत नव्हती. परतीचं भाडं मालकाने द्यायचं, ही अट १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. माणूस अडकला. आणि १८६७ मध्ये कायदा आला की ज्यांचा करार पुरा झाला आहे त्यांनी स्वतःचं छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा. परवाना नसला, हरवला, भिजला, दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर 'भटक्या' म्हणून अटक. अशा भटक्यांसाठी ग्रँड रिव्हरला वेगळा तुरुंग होता. त्या परवान्यांची छायाचित्रं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. आपल्याकडे त्या काळात फोटो राजेरजवाड्यांचे निघत. या माणसांचे फोटो निघाले, कारण त्यांना ओळखून पकडायचं होतं. त्यांच्या घरच्यांनी ते कधी पाहिले नाहीत.

१८७१ मध्ये ९,४०१ जणांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला. तो लिहायला मदत केली आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या, जर्मन वंशाच्या एका मळा व्यवस्थापकाने. मळेवाल्यांनी त्याला पोर्ट लुईच्या रस्त्यात मारहाण केली. लंडनने शाही आयोग नेमला, आयोगाने अर्जदारांचं म्हणणं बरंचसं खरं ठरवलं, काही नियम सौम्य झाले. तो अर्ज ज्या गव्हर्नरकडे गेला त्या आर्थर गॉर्डनला या लोकांबद्दल सहानुभूती होती असं सगळे लिहितात. असेलही. पुढे तो फिजीचा गव्हर्नर झाला, आणि १४ मे १८७९ ला 'लिओनिडास' जहाजातून पहिले गिरमिटिया फिजीला उतरले ते त्याच्याच कारकिर्दीत, त्याच्याच योजनेने. ज्याने ९,४०१ माणसांचं गाऱ्हाणं वाचलं त्यालाही आठ वर्षांत तेच करावंसं वाटलं. पद्धतीत चांगली माणसं बसवली की पद्धत सुधारते, असं मला एके काळी वाटायचं. आता वाटत नाही.

गोखल्यांना ते वाटत नव्हतं, आणि म्हणून मला ते फार मोठे वाटतात.

गोपाळ कृष्ण गोखले आमच्याकडचे. गुहागरजवळचं कोतळूक हे त्यांचं जन्मगाव, साल १८६६. वडील लवकर गेले. थोरल्या भावाला पंधरा रुपये पगार, त्यातले आठ रुपये तो गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायचा. शाळेत हे आम्हाला सद्गुणाची गोष्ट म्हणून शिकवलं. मला आता त्यात आकडे दिसतात. घरात उरलेले सात. मळ्यावरच्या मजुराचे पाच. ही माणसं एकमेकांपासून फार लांब नव्हती. जात वेगळी, पाटी वेगळी, पण आषाढ तोच.

२५ फेब्रुवारी १९१० ला गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नाताळला करारबद्ध मजूर पाठवणं बंद करावं असा ठराव आणला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. दुसरा कोणी तिथे समाधानाने थांबला असता. ४ मार्च १९१२ ला ते पुन्हा उभे राहिले. या वेळी एका वसाहतीबद्दल नाही, सगळीच पद्धत बंद करा म्हणून. मुळातच अन्यायी, फसवणुकीने चाललेली आणि बळाने टिकवलेली राक्षसी पद्धत, हे त्यांचे शब्द. त्यांचा युक्तिवाद वाचताना जाणवतं की त्यांनी अत्याचारांच्या कहाण्यांवर भर दिलेलाच नाही. तशा कहाण्यांना तोटा नव्हता, आत्महत्यांचे आकडेही त्यांनी मांडले. पण त्यांचं बोट कागदावर होतं. साध्यासुध्या अडाणी माणसाला, ज्या देशाची भाषा येत नाही अशा दूरच्या देशात, जो मालक नेमला जाईल त्याच्याकडे, बाहेर पडायची वाट न ठेवता, वर्षानुवर्षांसाठी बांधून घ्यायचं, आणि मोडलं तर फौजदारी. याला करार म्हणायचंच कसं? दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतील तर तो करारच होत नाही, हे त्यांनी लोखंडासारख्या थंड, नीटनेटक्या इंग्रजीत सांगितलं.

ठराव पडला. बाजूने २२, विरोधात ३३. बिनसरकारी भारतीय सभासद त्यांच्याबरोबर होते, सरकारी बाकं विरोधात. गोखले म्हणाले, हा ठराव मंजूर होईपर्यंत पुन्हा पुन्हा आणला जाईल. त्याच वर्षी मधुमेहाने पोखरलेलं शरीर घेऊन ते दक्षिण आफ्रिकेला गेले, तिथे गिरमिट संपलेल्यांवर लादलेल्या तीन पौंडांच्या करासाठी प्रिटोरियात मंत्र्यांना भेटले. १९ फेब्रुवारी १९१५ ला ते गेले. पुढच्या वर्षी मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंजने तो मान्य केला, आणि १९१७ मध्ये भरती थांबली. फिजीतले शेवटचे करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले. आमच्या तालुक्यातल्या मुलांना गोखले मवाळ होते एवढं पाठ असतं. ४ मार्च १९१२ ची तारीख मी एकाही शाळेच्या भिंतीवर पाहिलेली नाही.

आता त्या बाईंबद्दल सांगते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

मॉरिशसच्या पश्चिम भागात त्या राहतात. शाळेत मराठी शिकल्या, घरात क्रिओल बोलतात. गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे, आणि गणपतीत त्यांच्याकडे झाकरी नाचतात. मी ते पाहिलं तेव्हा माझे पाय आपोआप हलू लागले, कारण ती आमची जाखडी होती. कमरेला शेला, पायात घुंगरू, गोल फिरत तोच ठेका. शब्द मात्र कुठे कुठे झिजून गेले होते. म्हणणाऱ्या पोरांना अर्थ विचारला तर हसली. आजोबा असंच म्हणायचे, म्हणाली.

त्या बाईंनी मला एक कागद दाखवला. मोकाच्या संस्थेतून काढलेली नक्कल, त्यांच्या खापरपणजोबांची नोंद. क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात मराठा, वय २२, अंगावरची खूण. आडनाव नाही. बापाचं नावच पुढे त्यांचं आडनाव झालं. तिथल्या कितीतरी घरांचं असं झालं आहे. जिल्हा रत्नागिरी, हे कसंबसं ओळखू येत होतं. आणि गाव. इंग्रजी अक्षरं: ए, एम, बी, ओ, एल, ई, ई.

"ताई, हे कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला माहीत असेल ना?"

मी ती अक्षरं मोठ्याने वाचली. आंबोली. पण सावंतवाडीची आंबोली तेव्हा संस्थानात, रत्नागिरी जिल्ह्यात नव्हे. मग राजापूरचा आंबोळगड? की खेडची आंबवली? कारकुनाने आंबवली ऐकून आंबोली लिहिलं असेल. बोलणाऱ्याने 'व' गिळला असेल, आमच्याकडे गिळतातच. मी त्यांना नक्की सांगू शकले नाही. त्यांचा चेहरा पडला नाही, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आणि मला ते जास्त लागलं. म्हणून मी म्हटलं, जाऊन येते.

वैशाखात खेडहून आंबवलीला गेले. जगबुडीचं पात्र कोरडं, करवंदं काळी झालेली. देवळाच्या पारावर तीन म्हातारे बसले होते. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. कोणाला काय आठवणार? एकजण म्हणाले, "तेव्हा गेला तो मुंबैलाच गेला म्हणाले असतील. नाही आला, तर बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला असेल. मग सर्वपित्रीला पान." दुसरे म्हणाले, वाडीत एक घर होतं, त्यांचा कोणी दर्यावर गेला असं सांगत. पण ते घरही आता मुंबईत, दारं बंद.

गुरव दिवाबत्तीला आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, गाऱ्हाणं घालाल का? त्यांनी नाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. "हेच असावं," मी म्हटलं, "नक्की नाही." ते जरा थांबले. मग विचारलं, "गेला कुठे?" मॉरिशस म्हणायला तोंड उघडलं आणि आजीचा शब्द आला. मोरसला, म्हटलं.

त्यांनी नारळ हातात घेतला. म्हातारे उठून उभे राहिले. मी फोनवर आवाज टिपायला लावला होता, त्यामुळे शब्द जसेच्या तसे माझ्याकडे आहेत.

"बा देवा म्हाराजा, ह्या गावचं नायतर शेजारच्या गावचं लेकरू, पोटासाठी दर्यापार गेलं, मोरसात ऱ्हायलं, त्याची पोरंबाळं आज तुझ्या पायाशी याद पाठवतात, ती मान्य करून घे. त्याच्या घरचं कोण ओळख विसरलं असंल तर तू विसरू नको."

"व्हय म्हाराजा," तिघे म्हणाले.

त्या रात्री मी ते बाईंना पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. एक शब्द दोनदा ऐकला पण कळला नाही, म्हणाल्या. मोरस म्हणजे काय?